जनसुनावणीत हवामानाची हरकत कशी द्यायची: कोण, कधी, कोणते कागद

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबार भागात औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचा कारखाना, मोठी खाण असं काही यायचं ठरलं की जनसुनावणी लागते, आणि मी पाहिलंय, मंडपात दोन तास आरडाओरडा होतो, लोक घरी जातात, लेखी काहीच उरत नाही. व्हिडिओ शूटिंग होतं ते खरं, पण कागदावर नेमका मुद्दा असला की कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं आणि प्रकल्पाच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल मंजुरी तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीसमोर जातो तेव्हा तो मुद्दा फाईलमध्ये दिसतो.

आपल्याकडे हवामान बदलाचा वेगळा कायदा नाही. पण पर्यावरण मंजुरीची २००६ ची अधिसूचना आहे, तिच्याखालीच ही सुनावणी होते, आणि मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या केसमध्ये सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा कलम १४ आणि २१ खालचा हक्क आहे. शिवाय २०३० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता (म्हणजे जीडीपीच्या प्रमाणात होणारं उत्सर्जन) २००५ च्या तुलनेत ४५ टक्के कमी करायचा शब्द देशाने जगाला दिलाय. हे तिन्ही हरकतीत लिहा.

सुनावणीत स्थानिक बाधित कोणीही बोलू शकतो. लांब राहणारा पण ज्याचा संबंध आहे असा माणूस लेखी पाठवू शकतो. मात्र बी-२ वर्गातल्या, म्हणजे ज्यांना हा परिणामांचा अहवाल लागत नाही अशा प्रकल्पाला सुनावणीच नसते, आणि साक्रीसारख्या सोलर प्रकल्पाला तर ही मंजुरीच लागत नाही, म्हणून आधी वर्ग बघा, केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या वेबसाइटवर, परिवेश पोर्टलवर मिळतो.

नोटीस पेपरात येते, किमान ३० दिवस आधी. त्या दिवसांत कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जाऊन परिणामांचा मसुदा अहवाल मागा, मराठी सारांशही असतो, पण सारांशावर थांबू नका भाऊ, खरी गोम मोठ्या अहवालात असते.

त्यात पहिलं बघायचं ते हवा-पाण्याची मोजणी कोणत्या महिन्यातली. पावसाळा सोडून एका हंगामाची चालते, मग डिसेंबर-जानेवारीचे आकडे असतील तर लिहा की आमच्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, तापी-गिरणा आटतात, रावेर-यावलची केळी गरम वाऱ्याने करपते, तेव्हा प्रकल्प पाणी कुठून घेणार? पुरावा म्हणून फळपीक विम्यात जास्त तापमानाची भरपाई मिळाली असेल तर तो कागद जोडा, विहिरीच्या पातळीच्या नोंदी जोडा, ग्रामपंचायतीचा ठराव असला तर फारच चांगलं.

बाकी सही केलेला अर्ज, आधारची झेरॉक्स, सातबारा, एवढं पुरतं. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच शिक्का घ्या. हा शिक्का घ्यायला आळस करू नका.

सुनावणी संपताना इतिवृत्ताचा गोषवारा मराठीत वाचून दाखवायचाच असतो आणि अध्यक्ष अधिकाऱ्याची सही त्याच दिवशी व्हायला पाहिजे, तोपर्यंत उठू नका, आपला मुद्दा राहिला असेल तर तिथेच उभं राहून सांगा. नंतर मंजुरी निघालीच तर ३० दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात अपील करता येतं, उशिराचं ठोस कारण असेल तर अजून ६० दिवस मिळू शकतात, आणि तिथे तो शिक्का मारलेला कागद सोबत न्या.