आपत्तीत हात-पाय गेलेल्या मुलांसाठी: मदत, यूडीआयडी कार्ड आणि कृत्रिम पायाचा अर्ज

पूर, दरड, भूकंप यात पोराचा पाय गेला की सुरवातीला मदतीला कमी नसते, कॅम्प लागतो, पाय बसतो, फोटो निघतात. पण पोर वाढतं आणि बसवलेला पाय काही वाढत नाही. साधारण पाच वर्षांचं होईपर्यंत दरवर्षी, मग बारापर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे वाढ थांबेपर्यंत तीन-चार वर्षांनी पाय बदलावा लागतो, आणि तेव्हा विचारायला कोणी येत नाही. म्हणून कागदपत्रं आत्ताच नीट करून ठेवा.

सगळ्यात आधी डिस्चार्ज कार्ड बघा. आपत्ती निधीच्या २०२२ च्या निकषांप्रमाणे ४० ते ६० टक्के अपंगत्वाला ७४ हजार आणि ६० च्या वर अडीच लाख मिळतात, पण त्यासाठी सरकारी डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर टक्केवारी आणि कारण दोन्ही लागतं. कार्डावर नुसतं 'क्रश इंज्युरी' (चिरडून झालेली जखम) लिहिलेलं असेल तर ती पुरात भिंत पडून झाली की गाडीखाली, हे तहसीलमधल्या क्लार्कला कसं कळणार? 'पुरात भिंत कोसळून' असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या, सोबत पंचनाम्याची कॉपी, आधार आणि बँक पासबुक जोडून अर्ज तहसीलदारांकडे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

मग यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्ड, अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. पोर्टलवर ऑनलाइन फॉर्म भरायचा, फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, हॉस्पिटल निवडायचं आणि तारीख मिळाली की मुलाला घेऊन सिव्हिलला तपासणीला जायचं. जखम ओली असेल तर नंतर या म्हणतात, ते ठीक आहे, पण कापलेला पाय परत येत नाही तेव्हा सर्टिफिकेट परमनंटच मागा. ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८० पिवळं, त्याच्यावर निळं. टक्के कमी दिले असं वाटलं तर अपील करता येतं.

पाय मोफत मिळतो तो केंद्राच्या एडीआयपी या अपंगांना साहित्य देणाऱ्या योजनेतून, काम कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी बघते, कॅम्पमधून किंवा साहित्य देणाऱ्या दिव्याशा केंद्रातून. किमान ४० टक्के अपंगत्व पाहिजे. आई-वडिलांचं महिन्याचं उत्पन्न साडेबावीस हजारापर्यंत असेल तर सगळा खर्च, ३० हजारापर्यंत असेल तर निम्मा. आई-वडील राहिले नसतील तर जो सांभाळतो त्याच्या उत्पन्नाचा दाखला चालतो. खरी मेख पुढे आहे, एकदा साहित्य घेतलं की त्याच कारणासाठी तीन वर्षं परत मिळत नाही, फक्त बाराच्या आतल्या मुलांना ही अट एक वर्षाची आहे. म्हणजे तेरा-चौदाला पोर झपाट्याने उंच झालं आणि पाय लवकर छोटा पडला, तरी तीन वर्षं थांबा! हा नियम करणाऱ्याच्या घरात वयात येणारं पोर नसावं. अशा वेळी जयपूर फूटवाल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीकडे जा, तिथे पाय मोफत मिळतो. मुंबईत हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे.

ओपीडीची फाइल मात्र कधीच टाकू नका. लहान मुलांमध्ये कापलेलं हाड आतून वाढत राहतं, टोकाला टोचायला लागतं, कधी कातडी फोडून बाहेर येतं आणि परत ऑपरेशन करावं लागतं. सॉकेट (कृत्रिम पायाची वरची खोबण) घट्ट झालं, स्टंप म्हणजे पायाचा उरलेला भाग लाल दिसतोय, पोर पाय घालायला कुरकुर करतंय, की लगेच दाखवा, ते नाटक नसतं.

शाळेचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयात शिक्षण मोफत आहे, आणि पुढे सरकारी कॉलेजात ५ टक्के जागा राखीव. दोन्हीकडे यूडीआयडी कार्डच दाखवायचं.

आणि कोणी 'निरामय' विमा काढून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, तो विमा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, नुसता पाय गेलेल्या मुलाला तो लागू होत नाही.