मातीचं भांडं हातात घेऊन पाहण्यासाठी: युरोपातल्या सिरॅमिक आणि समकालीन कला प्रदर्शनांची सहल

नमस्कार,

तुम्ही आमच्याकडे चौकशी केलीत, त्याबद्दल आभार. आम्ही दोघीच हे काम करतो. एकीचं आयुष्य कुंभारकामाच्या चाकावर गेलं आहे, दुसरीचं तिकिटं आणि व्हिसाच्या कागदांत. वर्षाला दोनच गट नेतो आणि एका गटात दहापेक्षा जास्त माणसं घेत नाही. बारा दिवसांत सात देश पाहायचे असतील तर ते काम करणाऱ्या चांगल्या कंपन्या पुण्यात आहेत. आमच्या बारा दिवसांत तीनच मुक्काम असतात. पैसे भरण्याआधी हे पत्रक घरात सगळ्यांनी वाचावं, एवढी विनंती.

आधी आमच्या पद्धतीबद्दल. संग्रहालयात भांडं काचेच्या कपाटात असतं. त्याचा आकार दिसतो, रंग दिसतो, पण वजन कळत नाही, ओठाला लागणारी कड किती पातळ आहे ते कळत नाही आणि बूड तर दिसतच नाही. कुंभाराची खरी ओळख बुडाशी असते. तिथे झिलई कुठे थांबवली, माती कोणत्या रंगाची आहे, भांडं चाकावरून दोऱ्याने कसं कापलं, हे सगळं उघडं पडतं. म्हणून आमच्या प्रत्येक सहलीत संग्रहालयाला जोडून एक बाजार किंवा एक कारखाना असतोच. काचेआड पाहिलेलं दुसऱ्या दिवशी हातात आलं पाहिजे. तारखाही आम्ही याच हिशोबाने ठरवतो: सम वर्षी इटली, विषम वर्षी इंग्लंड.

सम वर्षी: व्हेनिस आणि फाएन्त्सा

फाएन्त्सा हे बोलोन्यापासून रेल्वेने सुमारे पाऊण तासावरचं गाव. युरोपभर झिलईदार मातीच्या भांड्यांना 'फायान्स' म्हणतात, तो शब्द याच गावाच्या नावावरून आला. इथली जुनी पद्धत समजून घेतलीत तर पुढचं सगळं पाहणं सोपं होईल. भांडं एकदा भाजायचं, मग कथलाची भुकटी असलेल्या पांढऱ्या झिलईत बुडवायचं. ती सुकली की भुकटीसारखी बसते आणि त्या कच्च्या थरावरच कुंचल्याने चित्र काढायचं. टीपकागदावर शाई पडावी तसा रंग तत्क्षणी शोषला जातो. रेघ चुकली की चुकली. मग दुसरी भाजणी. पाचशे वर्षांपूर्वीच्या थाळ्यांवरच्या त्या ठाम रेघा पाहताना हे लक्षात ठेवा, पाहण्याचा वेग आपोआप कमी होतो.

गावातलं आंतरराष्ट्रीय सिरॅमिक संग्रहालय १९०८ मध्ये गाएतानो बाल्लार्दिनी यांनी उभं केलं. मे १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात इमारत आणि संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. बाल्लार्दिनींनी हार मानली नाही. जगभर पत्रं लिहिली आणि देशोदेशींच्या संस्थांनी, कलावंतांनी भांडी पाठवली. पिकासोनेही स्वतःची कामं दिली. त्यामुळे आज तिथे इटलीच्या थाळ्यांशेजारी अमेरिका खंडातली प्राचीन मडकी आहेत, इस्लामी जगातली फरशी आहे आणि विसाव्या शतकातले मोठे चित्रकारही आहेत. आम्ही या एका इमारतीला दोन अर्धे दिवस देतो. एका दमात सगळं पाहिलं की तिसऱ्या दालनापासून डोळे बधिर होतात, हा अनुभव आहे.

सम वर्षी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला 'आर्जिल्ला' हा कुंभारांचा बाजार भरतो. २००८ पासून हे चालू आहे. गावाचे चौक आणि गल्ल्या स्टॉलनी भरून जातात आणि युरोपभरातले कुंभार आपापली भांडी मांडून स्वतः मागे उभे असतात. भांडं करणारे हात समोरच असतात, विचाराल ते सांगतात. भाषा येत नसली तरी भांडं उलटं करून बुडाकडे बोट दाखवलंत की समोरच्याचा चेहरा खुलतो. इथला 'प्रेमिओ फाएन्त्सा' हा समकालीन सिरॅमिकचा पुरस्कार १९३८ पासूनचा आहे, पण त्याचं प्रदर्शन अलीकडे विषम वर्षांत असतं. बाजार आणि पुरस्कार-प्रदर्शन एकाच फेरीत मिळत नाही. आम्ही बाजार निवडला आहे. कारण वर सांगितलंच.

खाण्याचंही इथेच सांगतो. या भागातली 'पियादिना' ही पातळ भाकरीसारखी पोळी. परंपरेने तिच्यात डुकराची चरबी घालतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी ऑलिव्ह तेलातली मागायची, सहज मिळते. ती पूर्वी मातीच्या तव्यावर भाजत आणि मोन्तेतिफ्फी या डोंगरातल्या गावाचं नाव अशा तव्यांसाठीच आहे. खानदेशातल्या मंडळींना खापरावरचे मांडे आठवतील.

व्हेनिसचं द्वैवार्षिक प्रदर्शन, म्हणजेच बिएनाले, १८९५ मध्ये सुरू झालं. कलेचं बिएनाले सध्या सम वर्षी असतं, त्यामुळे ते फाएन्त्साच्या बाजाराशी नीट जुळतं. दोन मुख्य जागा आहेत. 'जार्दिनी' या बागेत देशोदेशींची कायमची दालनं आहेत. 'आर्सेनाले' ही जुनी जहाजांची गोदी. तिथला दोरखंड वळण्याचा कारखाना ३०० मीटरहून लांब आहे आणि त्यातून चालत चालत प्रदर्शन पाहायचं असतं. दोन्हीकडे वेगवेगळ्या दिवशी जायचं. याशिवाय शहरातल्या जुन्या वाड्यांत आणि चर्चमध्ये पसरलेली दालनं असतात, त्यांतली बरीच विनामूल्य. २०१९ च्या भारतीय दालनात गांधीजींच्या विषयावर मांडणी होती आणि त्यात मुंबईचे अतुल डोडिया आणि जितीश कल्लाट यांची कामं होती. २०२२ मध्ये मुख्य प्रदर्शनातल्या सर्वोत्तम सहभागाचा 'सुवर्णसिंह' हा पुरस्कार सिमोन ली यांना मिळाला. त्या शिल्पकार मातीतूनच घडल्या आहेत. सिरॅमिक म्हणजे हस्तकला आणि कला म्हणजे काही वेगळं, ही भिंत आता राहिलेली नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

समकालीन कला 'कळत नाही' म्हणून बिचकू नका. प्रत्येक दालनात भिंतीवरचा मजकूर आधी वाचू नका. पाच मिनिटं नुसतं कामाजवळ थांबा: कशापासून केलंय, केवढं आहे, कुठून आवाज येतोय. मग वाचा. दिवसाला आठ-दहा दालनं पुरेत.

विषम वर्षी: लंडन आणि स्टोक-ऑन-ट्रेंट

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला प्रवेशमूल्य नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर सिरॅमिकची दालनं आहेत, तिथे गर्दी कमी असते. वर घुमटाकडे मान करून पाहा: कुंभार एडमंड द वाल यांनी २००९ मध्ये लाल धातूच्या फळीवर ४२५ भांडी वर्तुळात मांडली आहेत. खाली उभं राहिलं की त्यांतली पुष्कळशी अर्धीच दिसतात आणि तसंच अभिप्रेत आहे. कुंभार लूसी री यांचं कामाचं दालनही इथे जसंच्या तसं उभं केलं आहे. १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आलेल्या या बाईंनी सुरुवातीला सिरॅमिकची बटणं करून पोट भरलं.

या संग्रहालयाच्या संग्रहात मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेली, अजिंठ्याच्या चित्रांवरून रंगवलेली भांडी आहेत. त्याच परंपरेची भांडी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही आहेत. निघण्यापूर्वी एका रविवारी ती पाहून या. राणीच्या बागेला लागूनच आहे.

लंडनहून रेल्वेने दीड तासावर स्टोक-ऑन-ट्रेंट. सहा गावं मिळून झालेलं हे शहर दोन-अडीचशे वर्षं चिनीमातीवर जगलं. २००९ पासून विषम वर्षांच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथे ब्रिटिश सिरॅमिक्स बिएनियल भरतं. पण आमचा जीव आहे तो लाँग्टनच्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या तिथे उभ्या आहेत आणि आत शिरून उभं राहता येतं. आपल्या कुंभाराच्या आव्यात मडकी आणि जळण एकत्र रचतात, जाळ थेट भांड्याला लागतो. इथे भांडी जाड अग्निमातीच्या डब्यांत भरून, त्या डब्यांच्या उतरंडी छतापर्यंत रचत, म्हणजे कोळशाची काजळी आत पोचत नसे. अशा भट्ट्या एकेकाळी दोन हजारांच्या घरात होत्या, आज पन्नासहून कमी उरल्यात. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर कोळशाची भाजणी संपत गेली. धूर गेला हे चांगलंच झालं. मात्र त्या भट्टीत पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की किती माणसांची फुप्फुसं त्यात गेली असतील, हा विचार येतोच.

शाकाहारी ग्राहकांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. 'बोन चायना' या इंग्लंडच्या प्रसिद्ध प्रकारात साधारण निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते. दुकानात कप हातात घेतल्यावर कळून मन खट्टू होऊ नये. स्टोनवेअर (जास्त आचेवर भाजलेली, न झिरपणारी दगडासारखी भांडी) आणि साधी चिनीमाती यांत ती नसते.

जोडून हवं असल्यास

चार-पाच जण तयार असतील तर दोन लहान फेऱ्या आखून देतो. जर्मनीत वेस्टरवाल्ड भागातल्या ह्यर-ग्रेन्त्सहाउसेन गावी सिरॅमिक संग्रहालय आहे. इथल्या पारंपरिक स्टोनवेअरला मिठाची झिलई असते: भट्टी १२०० अंशांच्या वर गेली की आत मीठ टाकतात, त्याची वाफ मातीतल्या वाळूशी मिळून संत्र्याच्या सालीसारखा चमकदार थर बसतो. आपल्याकडची लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणीही स्टोनवेअरच. झिलईची रीत वेगळी, पण आंबट-खारट मुरवायला न झिरपणारं भांडं हवं, ही गरज दोन्हीकडे तीच.

दुसरी फेरी पोर्तुगालची. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. ती पोर्तुगीज चित्रकार जोर्ज कोलासो यांची आहेत. पोर्तो शहराच्या साओ बेन्तो रेल्वे स्थानकातली सुमारे २०,००० फरशांची भिंतही त्यांचीच. गोव्यातल्या ग्राहकांना आम्ही हीच फेरी आधी सुचवतो.

कागदपत्रं

इटली, जर्मनी, पोर्तुगाल शेंगेन व्हिसावर होतात. इंग्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. शेंगेनचं शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत १५ दिवसांची असली तरी आम्ही तीन महिने आधी कागद मागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परतीनंतर किमान तीन महिने चालू राहणारा हवा. व्हिसा देणं-न देणं दूतावासाच्या हातात आहे. नकार आला तर आमचं शुल्क आम्ही परत करतो, विमान आणि हॉटेलचं त्यांच्या नियमांप्रमाणे.

बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पॅरिसची काही मोठी मंगळवारी. दालनं दुरुस्तीसाठीही बंद राहतात. पॅरिसचं पोंपिदू केंद्र तर २०२५ ते २०३० बंद आहे. तुम्ही स्वतःहून कुठे जाणार असाल तर आदल्या दिवशी आम्हाला विचारा.

चालणं आणि खरेदी

व्हेनिसमध्ये मोटार नाही, रिक्षा नाही, आणि दर शंभर पावलांवर पायऱ्यांचा पूल आहे. गुडघे दुखत असतील तर संकोच न करता सांगा. जलबसच्या थांब्याजवळचं हॉटेल घेऊ आणि त्या दिवशीची यादी निम्मी करू. नवे बूट घालून येऊ नका.

बाजारात भांडं उचलण्याआधी कुंभाराला नजरेने विचारा, दोन्ही हातांनी उचला, कानाला किंवा काठाला धरून नाही. घासाघीस करू नका. त्या किमतीत भट्टीत फुटलेल्या भांड्यांचाही खर्च असतो. रोख युरो जवळ ठेवा. घेतलेलं भांडं केबिनच्या बॅगेत, आत मोजे भरून, बाहेर सुती कपडे गुंडाळून. आमच्या पहिल्या सहलीत एक सुंदर सुरई चेक-इन सामानात दिली होती. घरी पोचली ती अकरा तुकड्यांत. इटलीत ठरावीक रकमेच्या वर खरेदी असेल तर कर परत मिळतो, पण दुकानातून फॉर्म घ्यावा लागतो आणि बॅग विमानकंपनीकडे देण्याआधी कस्टम्सचा शिक्का; ते वस्तू दाखवा म्हणू शकतात. ब्रिटनमध्ये दुकानातून घेऊन स्वतः आणलेल्या वस्तूंवरची ही सवलत २०२१ पासून बंद आहे. कोणत्याही दुकानाकडून आम्ही कमिशन घेत नाही.

निघण्याच्या महिनाभर आधी एक बैठक असते, शनिवारी संध्याकाळी, चहासकट. येताना पासपोर्टची प्रत आणि घरातलं एक मातीचं किंवा चिनीमातीचं भांडं घेऊन या. बरणी, कुंडी, पणती, कपबशी, काहीही चालेल. आपण ती सगळी टेबलावर उलटी मांडू आणि बुडापासून वाचायला सुरुवात करू.