सिंगल की ईपी? सात इंचातली दोन गाणी आणि चार गाणी

जुन्या बाजारात सात इंची रेकॉर्ड हातात आली की आपल्याकडचा माणूस हमखास म्हणतो, "ईपी आहे." गाणी दोन असोत की चार, ती ईपीच. घरोघरी सिनेमाच्या नि भावगीतांच्या छोट्या तबकड्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच चार गाण्यांच्या; तेच नाव तोंडात बसलं. म्हणून एका ऑर्केस्ट्रल पॉप बँडची (पॉप गाण्यांना व्हायोलिन-ट्रम्पेटच्या ताफ्याची साथ देणाऱ्यांची) लिमिटेड, म्हणजे मोजक्याच प्रतींची, सिंगल मागवलेला माझा मित्र पाकीट फोडून म्हणाला, "एवढे पैसे मोजून दोनच गाणी?"

दोनच, कारण ती सिंगल आहे. १९४९ साली अमेरिकेत आरसीए व्हिक्टरने मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी आणली, एका बाजूला एक गाणं. १९५२ मध्ये त्याच कंपनीने त्याच मापात ईपी, म्हणजे एक्स्टेंडेड प्ले, काढली: खाचा दाटीने कापायच्या आणि बाजूला दोन गाणी बसवायची.

या दाटीची किंमत मोजावी लागते. आवाज जितका मोठा, तितकी खाच नागमोडी आणि तितकी तिला जागा जास्त. चार-साडेचार मिनिटांचं गाणं ऐसपैस बसतं. सात मिनिटं कोंबायची तर खाच कापणारा तंत्रज्ञ आवाजाची पातळी आणि खर्ज उतरवतो. गिटार-ड्रमच्या गाण्यात हे खपून जातं. ऑर्केस्ट्रल पॉपचं गाणं मात्र बऱ्याचदा एकट्या पियानोवर सुरू होतं आणि व्हायोलिन, ट्रम्पेट सगळी मंडळी शेवटच्या मिनिटाला धावून येतात. तबकडीवर शेवट म्हणजे आतला भाग. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर खाच सरकते, अगदी आत जेमतेम २५. तिथे व्हायोलिनचे वरचे सूर करकरायला लागतात. ईपीतलं दुसरं गाणं नेमकं तिथेच संपतं. सिंगल बऱ्याचदा त्याआधीच आटोपते. अशा बँडची दोन गाण्यांची तबकडी मला म्हणूनच महाग वाटत नाही.

तबकडी उजेडात तिरकी धरून बघा. गाण्याच्या शांत जागा काळ्याभोर दिसतात, गजराच्या जागा करड्या, खरखरीत. सिंगलवर लेबलाभोवती कोरी पट्टी बहुधा रुंद असते, गच्च भरलेल्या ईपीवर बोटभरही नाही.

आता मात्र ईपी हा शब्द मापापेक्षा लांबीसाठी जास्त वापरतात. ग्लासगोच्या बेल अँड सेबॅस्टियन या बँडने १९९७ मध्ये चार-चार गाण्यांच्या तीन ईपी काढल्या, त्या सीडीवरही आल्या. सिंगलही सत्तरच्या दशकात डिस्कोच्या नादाने बारा इंची झाली.

'लिमिटेड' या शब्दाचा दोन्हींशी संबंध नाही. याच बँडचा पहिला अल्बम १९९६ मध्ये एका कॉलेजच्या रेकॉर्ड लेबलने काढला, फक्त हजार प्रती. तो सिंगलही नव्हता, ईपीही नव्हती, चांगला पूर्ण लांबीचा एलपी होता.

एक सांभाळा: सात इंची म्हणजे ४५ फेरेच, असं धरून चालू नका. ३३ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्याही निघतात, तेव्हा लेबलवरचा आकडा आधी वाचा. मी एकदा तशी तबकडी ४५ वरच लावून दिली. भारदस्त आवाजाचा गायक थेट बालवाडीत गेला, आणि स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "हे बालगीत कुठलं रे?"