फिरत्या पाळीची शरीराला ‘सवय’ होते का?

‘काही महिने काढा, शरीराला आपोआप सवय होईल,’ असे फिरत्या पाळीत नव्याने रुजू झालेल्याला जुने सहकारी हमखास सांगतात. पण हा समज खरा नाही. झोपेची आणि जागे राहण्याची वेळ ठरवणारे मेंदूतील जैविक घड्याळ मुख्यतः प्रकाशावर चालते आणि दिवसाला साधारण तासाभरानेच सरकते, त्यामुळे दर आठवड्याला पाळी बदलत असेल, तर ते नव्या वेळेशी जुळते न जुळते तोच वेळापत्रक पुन्हा उलटते. कायम रात्रपाळी करणाऱ्यांपैकीही बहुतेकांचे घड्याळ पूर्ण फिरत नाही, कारण सकाळी परतताना डोळ्यांवर पडणारे ऊन त्याला पुन्हा दिवसाकडे ओढते. दिवसाची झोप मध्येच तुटते ती यामुळेच; तिला आळशीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या क्रमाने फिरवल्या तर त्रास कमी होतो, मात्र ते वेळापत्रक आखणाऱ्याच्या हाती असते. आपल्या हाती उरते ते पाळीआधी थोडी झोप काढणे, झोपायच्या खोलीला जाड पडदे लावणे आणि चहा-कॉफी पाळीच्या पूर्वार्धातच उरकणे, कारण कॅफिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे ५ तास लागतात. परतताना गडद चष्मा उपयोगी पडतो. गाडी स्वतः चालवत असाल आणि डोळे मिटत असतील, तर मात्र चष्माही नको आणि गाडीही नको.