वालचंद की कराड : कॅप फेरीत जागेचा अंदाज आणि फी सवलतीचा हिशोब

सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चं, अनुदानित आणि स्वायत्त. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं, तेही स्वायत्त. विश्रामबागेत किंवा विद्यानगरला राहणाऱ्या पालकांना वाटतं, कॉलेज दारात आहे तर आपल्या मुलाला थोडं झुकतं माप मिळेल. मिळत नाही. या दोन्ही ठिकाणच्या जागा कॅपमधून (राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राज्यस्तरावर भरतात, म्हणजे जतचा मुलगा आणि जळगावचा मुलगा एकाच रांगेत.

हे कटऑफच्या पीडीएफमध्येच लिहिलेलं असतं, फक्त ते वाचता आलं पाहिजे. रकान्याच्या नावातलं पहिलं अक्षर जी असेल तर जागा सर्वांसाठी, एल असेल तर मुलींसाठी. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (सांगली, सातारा, कोल्हापूरसाठी शिवाजी विद्यापीठ), ओ म्हणजे त्याबाहेरचे. ओपनमधली मुलगी जी-ओपन आणि एल-ओपन, दोन्ही रकान्यांत बसते. बरेच पालक पहिलाच रकाना बघतात आणि हातपाय गाळतात.

पीडीएफमध्ये वरचा आकडा मेरिट नंबर, खालचा कंसातला पर्सेंटाइल. अंदाज मेरिट नंबरवरून बांधा. पर्सेंटाइल हा किती मुलं बसली त्यावर हलतो. सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात ४ लाख मुलं बसली असं धरलं, तर ०.१ पर्सेंटाइल म्हणजे ४०० मुलं, आणि वरच्या कॉलेजात ४०० मुलांत कॉम्प्युटरची अख्खी बॅच भरून जाते. तुमचा स्टेट मेरिट नंबर गेल्या दोन वर्षांच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या आकड्यांशेजारी मांडा. पहिल्या फेरीच्या आत असाल तर जागा जवळपास धरून चाला. पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या मधे असाल तर थांबण्याची तयारी ठेवा. शेवटच्या फेरीच्याही पलीकडे असाल तरी पर्याय टाकायला पैसे पडत नाहीत, पण त्यावर घराचं बजेट बांधू नका.

२०२५-२६ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि पसंतिक्रमाला वेगळंच वजन आलं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला तरी तेच. फ्रीज झालेली जागा घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. इथेच सगळ्यात जास्त मुलं अडकतात. ‘असू दे, घराजवळ आहे’ म्हणून एखादं कॉलेज तिसऱ्या क्रमांकावर टाकायचं आणि दुसऱ्या फेरीत नेमकं तेच गळ्यात पडायचं. पहिल्या सहांत फक्त तीच नावं टाका, जी मिळाली तर घरात कुणाचंही तोंड पडणार नाही. त्या त्या फेरीच्या या मर्यादेखालचा पर्याय मिळाला तर सीट ॲक्सेप्टन्सचे १००० रुपये भरून बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट बघणं, निवडता येतं. मात्र पुढच्या फेरीत वरचा पर्याय लागला की आधीची जागा सुटते, ती परत मागता येत नाही. यंदाच्या माहितीपुस्तिकेतलं हे कलम पर्याय लॉक करण्याआधी एकदा वाचून घ्या.

पात्रता सोपी आहे. बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा मान्य विषय मिळून ४५ टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के. दहावी आणि बारावी महाराष्ट्रात झाली असेल तर बहुतेकांचा उमेदवारी प्रकार ‘ए’. जतकडची काही मुलं दहावी कर्नाटकात करून येतात. त्यांनी स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा डोमिसाइल दाखला आधी काढून ठेवावा.

आता पैसे. ८ लाख हा आकडा नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), फी सवलत आणि टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीच्या जागा) या चारही ठिकाणी येतो. आकडा तोच, पण बेरीज प्रत्येक ठिकाणी वेगळी. समजा वाळवा तालुक्यातल्या एका ओबीसी घरात वडील माध्यमिक शिक्षक, वर्षाचा पगार ९ लाख, शिवाय एकरभर ऊस. नॉन-क्रिमीलेअरच्या हिशोबात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळे दाखला मिळतो आणि राखीव जागाही मिळते. पण फी सवलतीला तहसीलदाराचा उत्पन्न दाखला लागतो आणि त्यात पगारही येतो, उसाचं बिलही येतं. उत्पन्न ८ लाखांवर गेलं की फी पूर्ण भरावी लागते. ईडब्ल्यूएसलाही पगार आणि शेती, दोन्ही धरतात. ‘नॉन-क्रिमीलेअर आहे ना, मग फी अर्धी’ हे गणित प्रवेशाच्या काउंटरवर चुकतं, आणि तिथे ते सुधारायला वेळ नसतो.

उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओपन, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीच्या (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून ट्यूशन फी आणि परीक्षा फीचे ५० टक्के मिळतात. ओबीसीसाठी तेवढीच सवलत दुसऱ्या विभागाकडून येते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना हेच १०० टक्के. अनुसूचित जातीत २.५ लाखांपर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न त्यावर असेल तर फ्रीशिप (फीमाफी). डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल आणि मेस मात्र या ५० किंवा १०० टक्क्यांच्या सवलतीत नाही. म्हणून कॉलेजच्या फी तक्त्यात एकूण रकमेवर बोट ठेवू नका, ट्यूशन फीचा रकाना वेगळा काढा. तो ८०,००० असेल तर मुलाला सवलत ४०,००० ची, एकूण फी १ लाख असली तरी. आणि हे सगळं कॅपमधून आलेल्या जागेलाच. खासगी कॉलेजात संस्थास्तरावर किंवा मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर सवलत विसरा.

टीएफडब्ल्यूएसमध्ये ट्यूशन फी पूर्ण माफ होते. या जागा मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के, त्याही वरच्या. म्हणजे ६० च्या वर्गात ३. म्हणून त्यांचा कटऑफ ओपनपेक्षाही चढा जातो. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी. तो स्वतंत्र पर्याय म्हणून टाकावा लागतो. साधा कोड भरून नंतर ‘मला टीएफडब्ल्यूएस द्या’ म्हणता येत नाही. त्याच शाखेचा टी कोड साध्या कोडच्या वर ठेवा. उलट ठेवला तर टी कोडपर्यंत तुम्ही पोचणारच नाही.

कागद जमवायला जास्त वेळ जातो तो जात पडताळणीला. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा गाव नमुना १४ (गावची जन्म-मृत्यूची नोंद), आणि वंशावळीचं शपथपत्र. हे अकरावीतच हातात घ्या. समितीच्या पावतीवर मुदत मिळेल या भरवशावर राहू नका. वेळेत वैधता नाही आली तर अर्ज ओपनमध्ये जातो. नॉन-क्रिमीलेअरवर वैधतेची तारीख बघा, पुढच्या ३१ मार्चपर्यंत असायला हवी. ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा, केंद्राच्या नमुन्यातला जोसाला (आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला) चालतो, कॅपला नाही.

महाडीबीटीचा (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल) अर्ज प्रवेश झाल्यावर वेगळा भरायचा असतो, कॅपच्या अर्जात तो आपोआप होत नाही. लागतं ते असं: कॅपचं ॲलॉटमेंट लेटर, उत्पन्न दाखला, डोमिसाइल, रेशन कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, फीची पावती आणि शिक्षणात खंड असेल तर त्याचं शपथपत्र. शाहू महाराज योजना कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच आहे. कॅपचा ईएनने सुरू होणारा नंबर आणि नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे एकच असू द्या, एका अक्षराच्या फरकानेही अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडून परत येतो. घर सोडून राहणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज याच पोर्टलवर स्वतंत्र भरावा. दुसऱ्या वर्षी हे सगळं रिन्युअल म्हणून पुन्हा.

आणि बँक. पासबुकावर ‘आधार लिंक’ असा शिक्का असला तरी पैसे येतीलच असं नाही. डीबीटीचे (थेट खात्यात येणारे) पैसे एनपीसीआयकडे (बँकांचे आपसातले व्यवहार चालवणारी संस्था) आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते बहुतेकदा दुसऱ्याच बँकेचं, कधीकाळी दहावीत उघडलेलं बंद पडलेलं खातं निघतं. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग, डीबीटीसाठी’ असं स्पष्ट लिहिलेला फॉर्म द्या आणि आठवड्याने तपासा.