सगळी बटणं एकदम मुकी होतात तेव्हा

झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक चालू केला, पडद्याच्या तळाशी १९८२ सालची कॉपीराइटची ओळ नीट उमटली, पण बटण दाबलं तर काहीच होत नाही. अशा वेळी नवी मेंब्रेन, म्हणजे बटणांखालचा तारांचा पातळ थर, मागवायची घाई करू नका. आधी कोणकोणती बटणं गेली, ते कागदावर लिहून काढा. अर्धं निदान त्या यादीतच असतं.

मूळ स्पेक्ट्रमच्या ४० बटणांना वेगवेगळ्या तारा नाहीत. पाच-पाच बटणांचे आठ गट आहेत. आठ तारा गट निवडतात आणि त्यातलं कोणतं बटण दाबलंय ते पाच तारा सांगतात. आठांतली एक तुटली, तर क्यू ते टी अशी सलग पाच बटणं जातात. पाचांतली एक तुटली, तर आठ. त्यातही एका तारेवर १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट आणि थेट पलीकडच्या टोकाची ०, पी, एंटर, स्पेस अशी बटणं आहेत. दोन्ही कडा एकदम गेल्या, तर दोष या एकाच तारेचा. मेंब्रेनची चपटी पट्टी वर्षांनुवर्षांत कडक होते आणि सॉकेटजवळ वळते तिथेच तडकते.

पण चाळीसही बटणं गेली तर? तेरा तारा एकदम तुटणं अवघडच. मग संशय इंटरप्टवर, म्हणजे प्रोसेसरचं काम मध्येच थांबवणाऱ्या हाकेवर, घ्यावा. पडदा रंगवणारी यूएलए ही चिप सेकंदाला ५० वेळा झेड८० प्रोसेसरला हाक मारते. झेड८० हातातलं काम थांबवून मेमरीतल्या पत्ता ५६ वर जातो, वेळ मोजणारा आकडा एकाने वाढवतो आणि मग बटणं तपासतो. हाक आली नाही, तर बटणांकडे कोणी बघतच नाही. कीबोर्ड मात्र ठणठणीत असतो!

ही हाक झेड८०च्या १६व्या पिनवर येते, पण मल्टिमीटरला ती दिसत नाही. दर २० मिलिसेकंदांत जेमतेम ९ मायक्रोसेकंद व्होल्टेज खाली येतं, त्यामुळे मीटर जवळजवळ ५ व्होल्टच दाखवतो. इथे व्होल्टेजचे झटपट चढउतार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोपच हवा. तो लावण्याआधी मागच्या कनेक्टरला जोडलेलं सगळं काढून टाका, कारण हाकेची हीच तार तिथेही पोचते.

यंत्र धडधाकट असलं, तरी हाक कधी कधी मुद्दाम बंद असते. बीप वाजताना किंवा कॅसेटवरून प्रोग्रॅम चढताना स्पेक्ट्रम स्वतःच इंटरप्ट रोखतो, कारण तिथे वेळेचा काटेकोर हिशेब लागतो. तेवढा वेळ २३६७२ या पत्त्यावरचा, वेळ मोजणारा तो आकडाही थांबतो, आणि त्यावर बेतलेलं घड्याळ मागे पडतं.