खुनाचा तपास स्वतः करायचाय? मग हे वाचा
(पहिल्यांदाच डिटेक्टिव्ह गेम घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या दुकानात कुणी मर्डर मिस्ट्री गेम मागितला, की आम्ही आधी विचारतो: तपास करायचाय की बघायचाय? पुष्कळ गेममध्ये रक्ताच्या डागावर क्लिक केलं की हिरोच सगळा उलगडा करून मोकळा होतो. दिसायला झकास, पण आपल्या डोक्याला काम काय? खाली सुचवलेल्या गेममध्ये खुनी तुम्हालाच शोधावा लागतो.

नवख्यांनी सुरुवात 'द केस ऑफ द गोल्डन आयडॉल' (2022) पासून करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. अठराव्या शतकातलं एकेक मरण, आणि त्या क्षणी सगळं जागच्या जागी थांबलेलं. लोकांचे खिसे तपासायचे, चिठ्ठ्या वाचायच्या, त्यातून नावं आणि शब्द गोळा करायचे आणि कोणी, कुणाला, कशानं मारलं या वाक्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या. दोन किंवा त्याहून कमी चुका राहिल्या तर गेम तेवढं सांगतो, पण कुठल्या ते सांगत नाही. इथेच खरी मजा आहे. घाई नाही, बंदूक चालवायची नाही, त्यामुळे माउस नीट न जमणारे आई-बाबासुद्धा शेजारी बसून अंदाज बांधतात. साधा ऑफिसचा लॅपटॉप पुरतो.

तो आवडला तर 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (2018) घ्या. हा लुकास पोप या एकाच माणसाने बनवला आहे. साल 1807. हरवलेलं जहाज रिकामंच परत येतं आणि ईस्ट इंडिया कंपनीचा विमा निरीक्षक म्हणून तुम्ही त्यावर चढता. हातात एक अजब घड्याळ. प्रेतापाशी ते उघडलं की मरणाचा क्षण दिसतो. साठ जणांपैकी कोण कोण आणि कुणाचं काय झालं, हे वहीत भरायचं. तीन नोंदी बरोबर आल्या की मगच त्या पक्क्या होतात, त्यामुळे ठोकताळ्याने फार पुढे जाता येत नाही. बोलण्याची ढब, कपडे, झोपायची जागा, सगळं बघावं लागतं. खलाशांत भारतीयही आहेत, त्यांना ओळखून दाखवा! दृश्यं दोनच रंगांत असली तरी क्रूर आहेत, लहान मुलांना देऊ नका.

इंग्रजी ऐकायची सवय असेल तर 'हर स्टोरी' (2015). 1994 सालच्या पोलीस चौकशीच्या व्हिडिओचे तुकडे शब्द टाइप करून शोधायचे, आणि एका शोधात पहिले पाचच दिसतात. मोबाइलवरही मिळतो. वाचनाची आवड असलेल्यांना कोर्टातला 'एस अटर्नी'. त्याच्या पहिल्या खटल्यात खुनी सुरुवातीलाच दाखवतात, तुमचं काम साक्षीदाराचं खोटं पकडणं.

'एल. ए. न्वार' (2011) बद्दल बरेच जण विचारतात. 1947 चं लॉस एंजेलिस, आणि संशयिताच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखायचं. छान आहे, पण गाडी चालवणं आणि गोळीबारही बराच. प्रौढांसाठीच. 'डिस्को एलिझियम' पहिल्याच दिवशी नको, इंग्रजी वाचून दमछाक होईल.

वरचा एकही गेम मराठीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खेळताना वही-पेन जवळ ठेवा आणि अडलात तरी यूट्यूबवर उत्तर शोधू नका. क्रिकेटचा गेम रोज खेळता येतो, पण खुनी कळलेला गेम पुन्हा तसा लागत नाही. अगदीच अडलं तर दुकानात या. आम्ही नाव सांगणार नाही, कुठे बघायचं तेवढंच सांगू.

चोरीच्या कॉपी आम्ही कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करून देत नाही. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, तुमच्याच नावाचं खातं उघडून देतो. घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर तिथे परताव्यासाठी अर्ज करता येतो. मात्र गेम चालू ठेवून चहाला गेलात तरी तो वेळ त्या दोन तासांतच मोजला जातो.